ग्रोझदानकाकांच्या नावापुढची टिक

गावात कुणी गेलं की त्याचं पत्रक दोन्काच्या दुकानात छापलं जाई. फोटो, नाव, चार ओळी. ते दारावर, बसथांब्यावर, चौकातल्या झाडावर लागे आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे चाळिसाव्या दिवशी पुन्हा नवं. बल्गेरियातल्या त्या गावात आता माणसांपेक्षा पत्रकंच जास्त झाली होती. दोन्कानं सगळी नावं स्प्रेडशीटमध्ये घातली होती. नावापुढे टिक करायचा चौकोन, वर एक बटण. बटण दाबलं की मॅक्रो, म्हणजे शीटमधला छोटा प्रोग्रॅम, टिक असलेल्यांची पत्रकं छापी, तारखाही तोच मोजी.

यादीत काही जिवंत माणसंही होती. आपल्यामागे भलताच फोटो लागू नये म्हणून म्हातारी मंडळी आवडीचा फोटो आधीच देऊन ठेवत. शेजारच्या ग्रोझदानकाकांनी टोपीतला दिला होता.

मे महिन्यात दोन्कानं यादी अक्षरांच्या क्रमानं लावली. नावं हलली, चौकोन मात्र जागच्या जागी राहिले. दुसऱ्याच कुणाच्या चाळिसाव्याची टिक काकांच्या नावापुढे आली. दोन्काच्या नवऱ्यानं न बघताच गठ्ठा चिकटवला.

दुपारी काका दुकानात आले, हातात झाडावरून सोडवलेला कागद.

"चाळीस दिवस झाले म्हणे मला. सांगायचंस तरी."

"चुकले हो काका. माझीच चूक."

"फोटो छान आलाय." ते खुर्चीत बसले. "चाळीस दिवसांपूर्वी मी द्राक्षमळ्यात झोपलो होतो, पोरी. जाग आली तेव्हा ऊन जराही सरकलं नव्हतं. तेव्हापासून कुणाचा फोन नाही. कुत्राही भुंकत नाही."

"कुत्रा बहिरा झालाय तुमचा."

"असेल."

दोन्कानं यादी उघडली. एकटा माणूस, शेवटच्या प्रवासाचा सूट इस्त्री करून ठेवलेला. आपण गेलोय हे खरं मानलं, तर घरी जाऊन सरळ आडवा होईल.

"या इकडे. तुमच्या हातानं काढा ती टिक."

काकांनी माउस दाबला. टिक हलली नाही. पुन्हा दाबला.

"बघ," ते शांतपणे म्हणाले.

मग तिला आठवलं, यादी लावून झाल्यावर तिनंच शीटला कुलूप घातलं होतं. तिनं घाईनं पासवर्ड घातला. "आता दाबा."

काकांनी हात खिशात घातले होते. "आज नको. उद्या दाबतो."

ती स्वतः पुढे झाली.

"तू नाही. मीच."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ते आले. कॉफी प्याले, टिकेकडे पाहिलं, "उद्या" म्हणाले.

आता ऑगस्ट लागलाय. दोन्का ते बटण दाबत नाही, पत्रकं एकेक करून हातानं टाइप करते. आठाला पाच कमी असताना दोन कप मांडते आणि काकांची पावलं ऐकू येईपर्यंत कशालाच हात लावत नाही.