नम्रताच्या घरची दुसरी बाई

लोधिवलीत नम्रता शिलाई करते हे जितकं सगळ्यांना ठाऊक, तितकंच ती पुस्तकांपायी वाया गेलेली बाई आहे हेही ठाऊक. ब्लाऊज टाकायला आलेली बाई मशीनच्या फळीवर पालथं घातलेलं पुस्तक बघायची आणि विचारायची, "आज कोन मेलं गं?"

नम्रता सुई ओवता ओवता सांगायची, "मेलं नाय अजून कोनी. पन बायकोला कळलंय, नवरा पुन्याला जातो म्हनतो नि जातो भलतीकडंच."

मग माप राहायचं बाजूला आणि बाई तिथंच फतकल मारायची.

तिला खुनाबिनाचं वेड नव्हतं. चोर-पोलिसांची पुस्तकं ती दहिवलीच्या वाचनालयात अर्धी वाचून परत करायची. तिला लागायची घरातली रहस्यं. एका ताटात जेवणारी दोन माणसं आणि त्यातल्या एकाच्या पोटात काहीतरी दडलेलं. वाचनालयातल्या पद्मजाताई असं पुस्तक आलं की तिच्यासाठी टेबलाखाली सरकवून ठेवायच्या. "घे बाई, यात सासूनंच सगळं केलंय," असं म्हणून हसायच्या.

"शेवट नका ना सांगू ताई. टमटमचं भाडं फुकट जातं माझं."

हे वेड लागलं बापाच्या दुखण्यात. तिचे वडील आबाजी रसायनीच्या अंगाला एका रंगाच्या कंपनीत राबले. पिवळा रंग बनायचा तिथं. त्यांची बनियन पिवळी, उशी पिवळी, भिंतीला टेकून बसायचे तिथं पाठीएवढा पिवळा डाग. लहानपणी नम्रताला वाटायचं, बापमाणसांचा घामच पिवळा असतो. पुढं लघवीतून रक्त पडायला लागलं आणि मुंबईच्या इस्पितळाच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथल्या बाकड्यावर कुणीतरी विसरून गेलेली एक कादंबरी तिच्या हाती लागली. डॉक्टर धड काही सांगत नव्हते. पुस्तक निदान शेवटच्या पानावर सांगायचं. तेवढ्यावर तिनं ते दिवस काढले. आबाजी गेले.

बारावं आटोपून सासरी आली ती सरळ पाळण्यापाशी गेली आणि नवऱ्याचा, नवीनचा, हात तिनं तान्ह्या ऋतिकाच्या डोक्यावर ठेवला. नवीन तेव्हा रसायनीलाच खोक्यांच्या कारखान्यात होता. "रंगात पाय ठेवनार नाय म्हना," ती म्हणाली. तो म्हणाला. सासू बायजाबाई चुलीपाशी बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं.

पोराच्या डोक्यावरची शपथ म्हणजे आमच्याकडं विस्तव. मोडली तर पोराला लागते. जुनी माणसं त्यातली आणखी एक गोम सांगतात. मोडली ती मोडली, पण तोंडातून कबूल होईस्तोवर ती नुसती लोंबकळत राहते. कुणी बोललं, की पडते पोराच्या अंगावर.

ऋतिका दहावीत जायची झाली त्या वर्षी नवीन बदलला. कंपनीतून आंघोळ करून यायला लागला, अंगाला चंदनी साबणाचा वास. डबा घरी यायचा पण कपडे धुवायला यायचे नाहीत. "कंपनीतच धुत्यात आता," म्हणाला. बाजारातून स्वतःसाठी काळपट चादर घेऊन आला आणि उकडतंय म्हणत ओट्यावर निजायला लागला. बायकोचा हात लागला की अंग चोरायचा.

नम्रतानं अशी पुस्तकं ढिगानं वाचली होती. बाहेरून न्हाऊन येणारा नवरा म्हणजे काय, हे तिसऱ्या पानावरच कळतं. तरी तिनं घाई केली नाही. पुस्तकातल्या बायका करतात तसं पाळतीवर राहिली, खिसे चाचपले, मोबाईल बघितला. काही मिळालं नाही, आणि काही न मिळणं हीच तिला खूण वाटली.

शेवटी एका सुट्टीला, जेवायला बसल्यावर, तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "कोन हाय ती?"

"कोन ती?"

"जिच्याकडं आंघोळीला जाता."

बायजाबाईंनी घास खाली ठेवला. "पुस्तकातल्या नवऱ्यांचं खूळ घरातल्या नवऱ्यावर काढतीस व्हय गं? आमटीला मीठ नाय, ते बघ आदी."

"आई, तुमी बोलू नका. यांना बोलू दे. रंग तर उडालाय बघा तोंडाचा."

नवीननं ऋतिकाकडं बघितलं. पोरगी मान खाली घालून भात चिवडत होती. त्यानं तिच्याकडं बघितलं ते बघतच राहिला.

"हाय," तो म्हणाला. "कँटीनला हाय एक बाई. हिरू नाव तिचं."

बायजाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. नम्रता उठली, हात धुतले आणि मशीनच्या खोलीत जाऊन कडी लावली. पुस्तकात एवढ्या बायकांचं हे झालेलं तिनं वाचलं होतं, पण पुढं स्वयंपाक कुणी करायचा हे एकाही पुस्तकात नव्हतं. तिनं तो केला. नवऱ्याशी बोलणं बंद केलं. दहिवलीला जाणंही बंद केलं.

मे महिन्यात नवीन दुपारचाच घरी आला. टमटममधून उतरवून पोपट नावाच्या कामगारानं त्याला धरून आणला. "ताप हाय वैनी, फणफणलाय," म्हणाला आणि तसाच मागं वळला. ओट्यावर ऊन तापलेलं. नवीन मशीनच्या खोलीत शिरला आणि अस्तरासाठी आणलेला पांढऱ्या कापडाचा ताका सोडून ठेवला होता त्यावरच अंग टाकलं. नम्रताला वाटलं उठवावं, गिऱ्हाइकाचं कापड आहे. पण अंगाला हात लावला तर चटका बसला. मग तिनं कपाळावर घड्या ठेवल्या. तोंडानं अक्षर काढलं नाही, घड्या मात्र ठेवत गेली.

कधीतरी घाम सुटला. ताप उतरला तसा तो कुशीवर वळला.

पांढऱ्या कापडावर पाठ उमटली होती. दोन्ही खांदे, कण्याची रेघ, बाजूला टेकलेला पंजा. हळदीच्या पाण्यात बुडवून उचलावं तसं पिवळं.

नम्रता बघत राहिली. आबाजींची भिंतीवरची पाठ तिनं जन्मभर बघितली होती. चंदनी साबण, काळी चादर, न धुवायला येणारे कपडे, सगळं तिच्या डोळ्यापुढं होतं आणि आबाजींच्या लेकीला ते दिसलं नव्हतं. ती बाई शोधत बसली होती.

हिरू नव्हतीच. असायला हवी होती. हिरूला शिव्या देता आल्या असत्या, कँटीनच्या दारात तिच्या झिंज्या धरता आल्या असत्या. हिरू एक दिवस म्हातारी झाली असती आणि नवरा घरी आला असता. आत्ता कुणी येऊन म्हणालं असतं की खरंच आहे हिरू, तर नम्रतानं तिची ओटी भरली असती.

दारात बायजाबाई उभ्या होत्या. त्यांनीही कापड बघितलं.

"बोलू नको," त्या हळूच म्हणाल्या. "जे दिसलं ते गीळ. पोरीचं डोकं हाय त्यात."

नवीन जागा झाला होता. त्यानं कापड बघितलं, दोघींना बघितलं आणि घाईघाईनं म्हणाला, "हिरूला सोडतो मी. तुझी शप्पत."

"हिरू नाय," नम्रता म्हणाली. "रंगात हायसा तुमी."

बायजाबाई उंबऱ्यावरच बसल्या.

"काय केलंस गं हे," नवीन म्हणाला. "मी बाईचं नाव घेतलं ते कशापायी? पोरीला लागंल आता."

"शपत मी घातली. लागायची तर मला लागू दे. कधीपासनं हायसा तिथं?"

"खोक्यांचा कारखाना बंद पडला तवापासनं, तुला बोललो नाय. दुसरीकडं कुटं घेत नव्हते."

"लघवीला लाल होतं?"

  तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "शिमग्यापासनं. रोज नाय होत."

 नम्रता उठली, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि त्याचा सदरा त्याच्या अंगावर टाकला. "उठा. डॉक्टरकडं."

"आज नको. पुढच्या महिन्यात पर्मनंट करनार हायत. तेवढा महिना काढू दे, मग तू म्हनशील तिथं येतो. उद्या फर्स्ट शिफ्टला जायला पायजे मला."

"आबा बी असंच म्हनायचे."

"मी कुटं आबा हाय?"

तिनं त्याची कामावरची चप्पल उचलली, दारात बसली आणि ती मांडीखाली घेतली. आता बाहेर जायचं तर तिला ओलांडून जावं लागणार होतं. आतून त्याचं चालूच होतं, एकच महिना, नमे, एकच महिना. बायजाबाई त्याला म्हणत होत्या, "ऊठ रं बाबा, ऊठ."

रस्त्यानं ऋतिका दहावीच्या जादा तासाहून सायकलवरून येत होती. समोरून खडीचा डंपर आला. नम्रता अर्धवट उठली, मग चपलेवर तशीच बसली, आणि सायकल रस्त्याच्या कडेला नीट उतरेपर्यंत तिनं श्वास घेतला नाही.