टेसनावरचं माहेर

अक्का गेल्याचं उदगीरहून भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "कुठल्या गाडीनं?"  पोराला वाटलं, म्हातारा मामा चळला. पण माझं काय चुकलं हो? थोरल्या बहिणीचं नाव काढलं की मला आधी गाडी आठवते, मग तिचं तोंड. लग्नानंतरची पहिली काही वर्षं अक्काचं माहेर म्हणजे परळीचं टेसन. घर नव्हे, टेसन! आता महिना होत आला, आणि मला अजून रडण्यापेक्षा रागच जास्त येतोय. म्हणून लिहायला बसलोय.

निजामाचं राज्य होतं. आधी परभणीहून लहान रुळांची गाडी आली आणि परळीत येऊन थांबली. मग विकाराबादेकडून बिदर-उदगीर करत मोठे रूळ आले, तेही इथंच थांबले. दोघांचं माप काही जुळत नव्हतं. लहान गाडी मोठ्या रुळांवर चालायची नाही आणि मोठी लहानांवर, त्यामुळं सुभेदार असो की शेळी घेऊन निघालेली म्हातारी, परळीत उतरल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. लांबलचक फलाट, त्याच्या अलीकडं लहान गाडी, पलीकडं मोठी, आणि मधे सगळी दुनिया. हमाल एका वाघिणीतली सरकीची पोती पाठीवर घेऊन "हटो, हटो" करत दुसऱ्या वाघिणीत नेऊन टाकायचे. वैजनाथाला आलेली मंडळी, बुरख्यातल्या बाया, इकडं हिंदू पाणी, तिकडं मुसलमान पाणी. एका टोकाला मालधक्का, दुसऱ्या टोकाला जाळी लावलेली जनानी खोली. मधे फाटक, फाटकात तिकिटं घेणारे खानसाहेब, आणि कुंपणाबाहेर टांग्यांचा अड्डा. तिथून आमचं घर हाकेच्या अंतरावर. गाडीची शिट्टी आमच्या ओसरीवर ऐकू यायची.

आणि तरी अक्का घरी येत नव्हती. कारण सांगितलं तर हसाल. लग्नात विहीणबाईंसाठी पायघड्या घातल्या होत्या, त्या ऐन मांडवाच्या तोंडाशी कमी पडल्या. दोन पावलं बाईंना मातीवरून चालावं लागलं. झालं! "माझे पाय मातीत घातले!" म्हणून त्या अडून बसल्या. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, हात जोडायचे, की मोकळं व्हायचं. पण अण्णा म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. म्हणाले, "मातीतच जायचे हायेत सगळ्यांचे पाय, विहीणबाई."  विहीणबाई म्हणाल्या, "आजपासून माझी सून तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई." अण्णा म्हणाले, "नका लावू. मी बोलवायला येणार न्हाई." दोन म्हाताऱ्यांची तोंडं, आणि भोगायचं पोरीनं.

दाजी परभणीला जिनिंगमध्ये नोकरीला, घर-शेती उदगीरला. म्हणजे अक्काला वर्षातून दोन-तीनदा मोठ्या गाडीनं यायचं, लहान गाडीनं जायचं, नाहीतर उलट. मधल्या वेळात ती फलाटावर. आमच्या आईनंच ही वाट काढली. म्हणाली, "टेसन काय ह्यांचं हाय का तिचं? सरकारचं हाय. तिथं उंबरा न्हाई." जनानी खोलीच्या भिंतीशी पटकूर टाकून आई तिथं दशम्या सोडायची, ठेचा काढायची, अक्काची वेणी घालायची, जाताना तिथंच ओटी भरायची. मी घरून पाणी नेऊन द्यायचो, कारण अक्काला घरच्या आडाचंच पाणी लागायचं. अण्णा रोज टेसनात येत नसत, पण ती यायची त्या दिवशी त्यांना टांगेवाल्याशी हमखास काम निघायचं. अड्ड्यावर टेसनाकडं पाठ करून बसायचे आणि माझ्या हाती वाळूक नाहीतर हुरडा आत पाठवायचे. "मी दिलं म्हनू नको." अक्का वाळूक हुंगायची आणि कुंपणाकडं बघायची... पाठच दिसायची.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगरीत. तेही सासरीच उरकलं. लेक रांगायला लागल्यावर अक्का परभणीला निघाली, ते दिवस पावसाचे. सकाळी मोठ्या गाडीनं उतरली, आणि खानसाहेबांनी सांगितलं की गंगाखेडकडं भराव खचलाय, छोटी गाडी केव्हा सुटेल ठिकाण नाही. आई हरखली. "चल गं घरी. देवानंच गाडी अडीवली."

अक्का म्हणाली, "अण्णा म्हनले का?"

"त्यांचा सोभाव तुला म्हाईत न्हाई का?"

"मग न्हाई. त्यांनी निसतं 'चल' म्हनावं. सासूबाईला काय उत्तर द्यायचं ते मी बघंन."

बघा, किती धीराची पोरगी! एवढंसं मागणं. मी धावत अड्ड्यावर गेलो तर अण्णा तिथं नाहीत. बऱ्याच वेळानं कपाळाचा घाम पुशीत घराकडून आले. मी सांगितलं. म्हणाले, "मी काय दार लावून घेतलंय का? दार उघडं हाय." पण चालत फाटकापर्यंत आले हो! खानसाहेब म्हणाले, "आओ आओ, अंदर आओ, नवासी को देखो." अक्का अण्णांच्या नातीला कडेवर घेऊन फाटकाच्या आतल्या बाजूला उभी राहिली. अण्णांनी पोरीच्या गालाला बोट लावलं. "लई वाळलीय," म्हणाले. मग अक्काला, "बरी हायेस ना?"

"बरी हाय."

आम्ही सगळे वाट बघत होतो... अण्णांचं तोंड हललंही. मग ते वळले आणि निघून गेले. दिवस कलायच्या आत गाडी लागली, अक्का गेली.

त्याच हिवाळ्यात अण्णा तापानं गेले. तेव्हा विहीणबाईंनीच सुनेला धाडलं, "मेल्यामागं कसलं वैर," म्हणून. अक्का पहिल्यांदा फाटकातून बाहेर पडून घरी आली ती अशी. दिवसकार्य झाल्यावर आईनं तिला माजघरात नेलं आणि आढ्याकडं बोट केलं. तिथं नव्या सुंभाचे दोन फेरे होते. गाडी अडली त्या सकाळी अण्णा घरी येऊन आढ्याला नातीसाठी झोळी बांधून गेले होते. खाली बाज टाकलेली, वर धुतलेली वाकळ. संध्याकाळी आई घरी आली तर ते झोळी सोडत होते, वरचे फेरे तेवढे राहिले. "कुनाला सांगू नको," म्हणाले. आणि आईनं सांगितलं नाही.

अक्का त्या सुंभाकडं बघत राहिली. मग एकदम ओरडली, "बांधता आली, मग बोलवायला काय झालतं ह्यांना?" मेलेल्या बापावर असं कुणी ओरडतं का? आम्ही कुणीच तिला गप्प केलं नाही. पुढं ती वर्षाला यायची, पण माजघरात कधी निजली नाही.

परवा अक्काची ती लेक आमच्याकडं आली. आता ती स्वतःच आजी झालीय. चहा तसाच ठेवून म्हणाली, "मामा, माझी झोळी कुठं बांधली होती?" घर आता सिमेंटचं, आढं गेलं, पंखा आला. मी अंदाजानं जागा दाखवली. ती जाऊन तिथं खाली बसली, मांडी घालून, आणि भिंतीला टेकली.  मी म्हणालो, "राहा आज."

"राहते," ती म्हणाली. "एवढंच हवं होतं की हो आईला."