एक डोळा झाकून

गेल्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी माझ्या आत्यानं तेरहून सुटलेली धाराशिवची एसटी रस्त्यात आडवं उभं राहून थांबवली. एका हातात शेजारच्या आठ वर्षांच्या आरतीचं मनगट होतं, दुसऱ्यात स्टीलची वाटी. जगातले निम्मे तंटे आणि सगळे अपघात डोळे न तपासल्यानं होतात, असं मानणारी ती तेरमधली एकमेव व्यक्ती आहे.

शिक्षिका असताना लागलेला हा नाद निवृत्तीनंतर वाढला. घरी आलेल्याला पाण्याआधी रिकामी वाटी मिळते. ती एका डोळ्यावर धरायची आणि समोरच्या किराणा दुकानाची पाटी वाचायची, मग दुसऱ्यावर. माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या मुलालाही सूट मिळाली नाही. तो दुसऱ्याच शब्दाला अडला. "पोरगं चांगलं हाय, पण नंबर लपवलाय," आत्यानं बैठकीत जाहीर केलं. लग्न झालं. भावजी आता चष्म्याशिवाय तेरला येत नाहीत.

आरती तिसरीत होती. वाचताना ओळ सोडायची, वाचलेलीच पुन्हा वाचायची, डोकं दुखतं म्हणून पुस्तक मिटायची. आत्याच्या परीक्षेत मात्र तिनं पाटीच काय, खालचा बारीक मोबाइल नंबरही धडाधड वाचला. "घारीचे डोळे हायेत. निव्वळ आळस," आत्यानं निकाल दिला. तो ऐकून आरतीच्या वडिलांनी ठरवलं, वार्षिक परीक्षा झाली की तिला वाशीला चुलतीकडं ठेवायचं, तान्हं बाळ सांभाळायला. "डोक्यातच शिरत न्हाय, बाई. उगं कशाला शाळा?"

एसटी थांबवली त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आरती आत्याच्या ओट्यावर वाटी डोळ्याला लावून 'आत्या आत्या' खेळत होती. मांडीवरचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. स्वयंपाकघरातून आत्यानं विचारलं, "कोण वाचतंय गं इतकं सरळ?"

"मीच की."

आत्या पिठाच्या हातानं बाहेर आली. वाटी काढली, आरती अडखळली. लावली, धडा पळू लागला. पुन्हा काढली.

"आता काय व्हतंय?"

"अक्षरं दोन-दोन व्हत्यात. हलत्यात."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"मला वाटलं, समद्यांचीच हलत असतील."

आत्यानं मला धाराशिवला फोन लावला. तिचा आवाज फोनशिवायही पोचला असता. सोमवारी मी त्यांना स्टँडवरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "लांबचं उत्तम दिसतं. जवळ वाचताना दोन्ही डोळे मिळून एका जागी टिकत नाहीत. व्यायाम देतो. पण वाचनाची प्रत्येक अडचण डोळ्यांचीच नसते, बाई. वाचायचा सरावही लागेल."

"लांबचं बघूनच म्या हिला आळशी म्हणलं," आत्या म्हणाली. मग तिनं डॉक्टरांचे दोन्ही डोळे तपासले.

संध्याकाळी तिनं आरतीच्या वडिलांना अंगणात गाठलं.

"म्हंजी डोकं बरं हाय तिचं?" त्यांनी विचारलं.

"तुझ्यापरीस बरं हाय. माझंच चुकलं. वाशीला फोन लाव."

त्यांनी तिथंच फोन लावला.

पेन्सिलीचं टोक नाकाकडं आणत त्यावर नजर धरायचा व्यायाम रोज आत्याच्या ओट्यावर झाला. जूनमध्ये आरती तेरच्याच शाळेत चौथीत बसली. ती संध्याकाळी आत्याला धडा वाचून दाखवते. अजून मधूनच अडते. आत्या शब्द सांगत नाही. ती वाट पाहते.