आजींच्या अंगणातलं निशाण

त्रिनिदादला पोचल्यावर चौथ्याच दिवशी मी एका म्हाताऱ्या बाईंचा मारुती कचऱ्यात टाकला. फार नीट टाकला. मी निशी-कसाईत राहतो, तोक्योतल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवतो. बारा वर्षांत जपाननं मला दुसरं काही शिकवलं नसलं तरी कचरा वेगळा करायला नक्की शिकवलंय.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे मी तिकडच्या एका खेड्यात मुलांना विनामोबदला शिकवायला गेलो होतो. सेवा म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत होतो. ज्यांच्या घरी राहत होतो त्यांना सारा गाव आजीच म्हणे. त्यांचे पणजोबा उसाच्या मळ्यावर मजुरीला भारतातून आलेले. अंगणात एका बांबूला विटलेलं, चिंध्या झालेलं लाल फडकं लटकत होतं. आजी बाजारात गेल्या होत्या. म्हटलं, जरा आवरून ठेवू. बांबू एका बाजूला, कापड घडी करून जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत.

जेवताना आजींनी विचारलं, "माझी झंडी कुठं गेली?" तेव्हा कळलं. पूजा झाली की मारुतीचं लाल निशाण अंगणात रोवायचं आणि ऊनपावसानं ते आपोआप जाईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हे त्यांनी नवऱ्याच्या आजारपणात लावलेलं. मी ताटातल्या भाताकडं बघत म्हणालो, "वाऱ्यानं पडलं असेल." दिवसभरात पान हललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या जागी नवं निशाण दिसलं. कुणासाठी, हे मी विचारलंही नाही. विषय मिटला याचंच बरं वाटलं.

परत आलो तर इथल्या मराठी मंडळानं सत्कार करून शाल दिली. मी घेतलीही. त्याच आठवड्यात हिनं सांगितलं, छातीत गाठ आहे, काढून तपासणार आहेत.

ऑपरेशनच्या सकाळी हिला आत नेलं. मारुतीचं नाव घ्यायला मी डोळे मिटले, तर समोर ती पिशवी. तीनदा मिटले, तीनदा पिशवी. शेवटी लिफ्टजवळ जाऊन आजींना फोन लावला आणि हिच्याबद्दल काही बोलायच्या आधी एका दमात झंडीचं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे, सर," त्या आपल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाल्या. "बाजारातून लवकर परतले होते, खिडकीतून बघत होते की. काय घडी घातलीत, नव्या शर्टासारखी! मी काढली पिशवीतून आणि नदीत सोडली." मग म्हणाल्या, "नवी लावली ना, ती तुमच्या बायकोसाठी. तुम्हाला आमच्याकडं पाठवून बिचारी तिकडं एकटी. तिच्यासाठी कुणी मागायला नको?"

उरलेले सगळे दिवस मी त्या निशाणाशेजारून शिकवायला जात होतो. "आज तिचं ऑपरेशन आहे," एवढंच तोंडून निघालं.

"मग फोन काय करताय? जा, दाराशी बसा!"

जाऊन बसलो. या वेळी डोळे मिटले तेव्हा मागायला काही सुचलंच नाही. नुसतं तुझ्या हाती आहे, एवढंच म्हटलं. गाठ साधी निघाली. कशामुळे, ते मला ठाऊक नाही आणि मी गणित मांडायलाही जाणार नाही. देवापुढं डोकं टेकायच्या आधी ते जरा खाली करावं लागतं, हे कळायला माझी पन्नाशी उलटावी लागली. आजींचे उपकार फेडण्यासारखे नाहीत. शरमेनं नमस्कार तेवढा करतो.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गाठ हाताला लागली ती तुम्ही जायच्या आधीच हो. पण तुम्ही इतक्या खुशीत बॅग भरत होतात... म्हटलं, जाऊन येऊ देत, मग सांगू."