बचनाग आधी शुनइंग खायची

हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी डोंगरावरच्या त्या वाडीत डुकराच्या पायांबरोबर बचनागाचे कंद शिजतात. पोटात गेले की वर्षभर हाडांत थंडी शिरत नाही, असं सगळे मानतात. कच्चे राहिले तर अंग बधिर होत होत माणूसच थंड पडतो, हेही सगळ्यांना ठाऊक. तरी खातात. माणसाची जात, दुसरं काय!

शुनइंग नवी सून असताना तिचा सासरा याच पंगतीत गेला. भांड्यातलं पाणी आटलं म्हणून कुणीतरी विहिरीचं गार पाणी ओतलं होतं. बचनागात मध्येच पाणी घालायचं तर खळखळतंच, नाहीतर विष उतरत नाही, असा तिथला नियम. त्या दिवसापासून शुनइंगने भांडं आपल्याकडे घेतलं. आदल्या सकाळी चूल पेटली की ती चुलीला चिकटायची. पंगत बसली की पहिली वाटी ती खायची आणि उदबत्ती लावायची. ती विझेपर्यंत कुणी जेवायच्या काड्यांना हात लावायचा नाही.

एवढ्या वर्षांत तिची भीती तसूभर कमी झाली नव्हती. पहिला घास गिळला की दरवर्षी तिच्या ओठांना मुंग्या यायच्या. भीतीनेच यायच्या. उदबत्ती अर्धी होईस्तोवर त्या जायच्या, विझली की ती "खा" म्हणायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. राखणदारीणच घाबरट म्हटल्यावर भांड्याजवळ कोण बसू देणार?

त्या वर्षी उदबत्ती अर्धी झाली आणि मुंग्या गेल्या नाहीत. उलट जिभेवर उतरल्या.

"वहिनी, तोंड असं का? रस्सा खारट झालाय होय?" धाकटा दीर लाओसान म्हणाला.

"गप बस."

"सगळा झाडपाला चाखणाऱ्या देवाचं पोट म्हणे आरपार दिसायचं. वहिनीचंही दिसलं असतं तर आपली उदबत्ती वाचली असती."

पंगत हसली.

"तो देवही शेवटी विषारी पाला खाऊनच मेला," शुनइंग म्हणाली. "कुणी खाऊ नका. अजून शिजू दे."

"दरवर्षी तुझं तोंड असंच असतं," म्हणत लाओसानने वाटी पुढे केली.

शुनइंगने सुनेकडे पाहिलं. युनश्याचा चेहरा पार उतरला होता. पहाटे शुनइंग जरा पाठ टेकायला आत गेली, तेव्हा चूल युनश्याच्याच हवाली होती.

"पाणी घातलंस?"

"आटलं होतं, आई. गरम घातलं."

"खळखळतं?"

"किटलीतलं. किटली खाली उतरवून ठेवली होती. कोमट झालं असेल. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं."

"खरंच, काय होतंय एवढ्याने?" लाओसानने पळी उचलली. "काल सकाळपासून शिजतंय की."

शुनइंग उठली. तिने चुलीवरचं लोखंडी भांडं दोन्ही हातांनी धरलं, उंबऱ्यापर्यंत नेलं आणि अंगणात पालथं केलं. पंगतीचं सगळं जेवण मातीत गेलं. लाओसान शिवी हासडणारच होता, तेवढ्यात त्याला कातडी करपल्याचा वास आला. शुनइंगने फडकं घेतलं नव्हतं. तळहात सोलून निघाले होते आणि ती साधी हायही म्हणाली नव्हती.

त्याने पळी खाली ठेवली आणि ट्रॅक्टर काढायला धावला.

खालच्या दवाखान्याच्या वाटेवर तिला दोनदा उलटी झाली. अंग गार पडत चाललं होतं. युनश्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तिचं मनगट घट्ट धरून ती रडत होती.

"मला भीती वाटतेय गं," शुनइंग जड जिभेने म्हणाली. "माझा हात धर."

"धरलाय, आई."

"जोरात धर."

"जोरातच धरलाय."

"रागावले नाही मी तुझ्यावर," शुनइंग म्हणाली. "धर ना, पोरी."