लोटाभर पाण्याचा नकाशा

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात, उंचसखल जमिनीचा नकाशा मांडीवर पसरून मी त्यात इतका गढलो की पांढुर्णा स्टेशन मागे पडलं आणि उतरावं लागलं तिगावला. पुण्याच्या भूगोलाच्या मास्तराला याहून मोठी शोभा ती काय असणार! बैलगाडी, मग बस, असं करत दुपारी सौसरजवळच्या बौद्ध वस्तीत पोहोचलो.

बोलावलं होतं माझ्या जुन्या मित्रानं, तिथल्याच मेश्राम गुरुजींनी. वस्तीला नळ हवा होता. नळाच्या साहेबांनी जीपमधूनच पाहून निकाल दिला होता, वस्ती उंचावर, पाणी चढणार नाही. माझा नकाशा म्हणत होता, वस्ती टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीच्या खाली आहे.

"सायब उंचीच्या रेषा पाहत नाही," गुरुजी म्हणाले. "मातीतच दाखवू."

मग विहाराच्या अंगणात आम्ही अख्खा मुलूख मातीत उठवला. टाकीची टेकडी, नाला, संत्र्यांचे बगीचे, वस्ती आणि काडेपेटीचा विहार. लोटा ओतला की पाणी नकाशावर खरंच वाहायचं. येणारा-जाणारा ओतून बघायचा.

जेवायला शेजारच्या सोनामावशींनी पाटवडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी) वाढला.

"तिखट झालं का भाऊ?"

"छे," म्हणालो. डोळ्यांतलं पाणी मात्र उतार शोधतच होतं.

सकाळी साहेब आले. गुरुजींनी टाकीवर लोटा ओतला. पाणी ऐटीत निघालं, वस्तीच्या पायथ्याशी थबकलं आणि वळसा घालून नाल्यात गेलं. मातीतली वस्ती एका रात्रीत वीतभर उंच झाली होती!

"तुमच्याच नकाशात चढत नाही," साहेब हसले.

गुरुजींचा चेहरा उतरला. "कोणी टाकली माती?"

"मी टाकली," सोनामावशी म्हणाल्या. "विहार टाकीच्या खाली दिसून राहिला होता. बुद्धाले खाली कसं ठेवू गुरुजी?"

मावशी खाली बसल्या. काडेपेटी उचलून पदरात ठेवली, दोन्ही हातांनी माती उपसली, काडेपेटी पुन्हा खाली ठेवली. मग त्यांनीच लोटा ओतला. पाणी विहाराच्या दारात येऊन थांबलं.

"आता तुम्ही खणलंत, म्हणून आलं," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

मला संताप आला. नकाशाची घडी त्यांच्या पुढ्यात नाचवली, पण जीप निघालीच.

मावशी मातीचे हात पदराला पुसत म्हणाल्या, "उंच दिसलो तं पानी चढत नाही. खाली उतरलो तं खणलं म्हणते. आमी रायचं तरी कुठं भाऊ?"

परतीच्या गाडीत नकाशा उघडलाच नाही. अजून वर्गात शिकवतो की पाणी उताराकडे वाहतं. आधी या वाक्यात 'नेहमी' असा शब्द होता. पुण्याला परतल्यापासून तो माझ्या तोंडून निघत नाही.