वुई आर कमिंग

माझं इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

मी रत्नागिरीत सरकारी कचेरीत कारकून होतो. तिथे इंग्रजी लिहायचं असे, बोलायचं नसे. 'विथ रेफरन्स टु युअर लेटर'पासून 'युअर्स फेथफुली'पर्यंतचा सगळा मुलूख माझ्या पायाखालचा. पण साध्या गप्पा इंग्रजीत कशा मारतात, हे कळायची गरज निवृत्तीपर्यंत पडली नव्हती. ती पाळी आणली आमच्या चिरंजीवांनी. प्रशांत इंग्लंडात एका इस्पितळात नर्स आहे. तिथलीच केट नावाची मुलगी त्याने पसंत केली. मुलगी तयार, मुलीची आई तयार. बाप, म्हणजे डेव्हिडसाहेब, तेवढे घुटमळत होते. एकुलती एक लेक. ज्या माणसांना कधी आमचा उंबरा ओलांडायचाच नाही त्यांना सोयरे कसं म्हणू, असं त्यांचं म्हणणं. आधी बोलणं होऊ दे, मग बघू. त्यांच्या होकारावाचून केट पुढे जायला तयार नव्हती. "बाबा, नीट बोला," एवढंच प्रशांत म्हणाला. (आईला नाही म्हणाला. मला म्हणाला.)

मग मिरजोळ्याच्या आमच्या घरात अभ्यास सुरू झाला. शोभाने, म्हणजे आमच्या हिने, मोबाइलवर एक बाई शोधून काढली. ती रोजच्या वापरातलं वाक्य म्हणायची आणि मागाहून अर्थ सांगायची. 'टेक केअर' म्हणजे काळजी घ्या. मला ते ऐकून कोणी दम देतंय असंच वाटायचं. 'हेल्प युअरसेल्फ' म्हणजे लाजू नका, हवं तेवढं वाढून घ्या. आता घरी आलेल्या पाहुण्याला 'तुमचं तुम्ही बघा' म्हणायचं आणि त्याने खूश व्हायचं! शोभा भाकरी थापता थापता सगळं पाठ करी. मी प्रत्येक वाक्याचं व्याकरण तपासत बसायचो, त्यामुळे मागे पडलो.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लागला. प्रशांतची रविवारी ड्युटी असते, त्यामुळे मध्यस्थ कोणी नाही. हवापाणी झालं, तब्येती झाल्या. शोभाने मोबाइल अंगणात नेऊन कलमाला लागलेले आंबे दाखवले आणि मी "प्लीज फाइंड अटॅच्ड" म्हणालो. ते लोक हसले. एकूण बरं चाललं होतं.

आता निरोप घ्यायचा. तो धडा मोबाइलवरच्या बाईने अजून घेतला नव्हता. आपल्याकडे उठताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. आम्ही बौद्ध माणसं, शकुन-अपशकुन मानत नाही. मांजर आडवं आलं तर मी त्याला वाट देतो आणि आपल्या कामाला लागतो. पण मुलाच्या लग्नाचं बोलणं चाललेलं असताना 'वुई आर गोइंग' काही तोंडून निघेना. मी मनात 'येतो आम्ही' म्हटलं, काळ तपासला, कर्ता-क्रियापद जुळवलं, आणि हात जोडून म्हणालो, "ओके देन. वुई आर कमिंग."

मग डेव्हिडसाहेबांनी विचारलं, "रिअली? व्हेन?"

पुन्हा कधी बोलायचं ते विचारताहेत, असं मला वाटलं. पुढचा रविवार तर ठरलेलाच होता. "सून," मी म्हणालो. "व्हेरी सून."

साहेबांचा चेहरा उजळला. मी फोन ठेवला आणि शोभाला म्हटलं, बघ, जिंकलं की नाही?

त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी मी तसाच निरोप घेतला आणि माणूस दर खेपेला अधिकच प्रेमळ होत गेला. एकदा त्यांनी विचारलं, जिने चढायला जमतं का? मी दोन्ही गुडघ्यांची कर्मकथा सांगितली. (परका माणूस इतक्या आपुलकीने चौकशी करतो, याचं मी आळीत कौतुकही केलं.) पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, "हाऊ लाँग आर यू स्टेइंग?" मला वाटलं, मिरजोळ्यात कधीपासून राहता, असं विचारताहेत. मी छाती फुगवून सांगितलं, "थर्टी इयर्स. व्हेरी हॅपी."

डेव्हिडसाहेब 'राइट' म्हणाले आणि पाणी प्यायला उठून गेले.

तासाभरात प्रशांतचा फोन. "बाबा, तुम्ही इकडे तीस वर्षं राहायला येताय?"

मग एकेक बाहेर पडलं. डेव्हिडसाहेबांनी आमच्यासाठी वरची खोली रिकामी केली होती. माझे गुडघे ऐकून वरची सोडून खालची केली. खाली न्हाणीघर नव्हतं, म्हणून कोठीची भिंत फोडून नवीन बांधायला घेतलं होतं, तेही स्वतःच्या हातांनी. विहीणबाई वरणभात शिकत होत्या. प्रशांतला अचानक खूश करायचं म्हणून त्याला पत्ता लागू दिला नव्हता. तीस वर्षं ऐकल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. आणि मुख्य म्हणजे, ही माणसं येतात म्हटल्यावर साहेबांच्या मनातला किंतु गेला होता. आता होकार देणारच होते. आमच्याकडे साधा पासपोर्ट नाही.

"आता तूच सांग त्यांना समजावून," मी म्हणालो.

"बोललात तुम्ही, सांगा पण तुम्हीच," प्रशांत म्हणाला. पोरगा माझ्याशी इतकं तुटक कधी बोलला नव्हता. मुलाचं लग्न माझ्या एका क्रियापदाने मोडणार, या विचाराने मी आठवडाभर माफीचा मसुदा खरडत बसलो.

रविवार आला. मी सुरुवात केली, "विथ रेफरन्स टु अवर अर्लियर कॉल्स..." आणि शोभाने माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण तिने सांगितलं ते असं: आमच्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. बाजाराला निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं की मागे राहणाऱ्याच्या काळजात चर्र होतं.

डेव्हिडसाहेबांनी विचारलं, प्रशांत निघाला तेव्हा काय म्हणाला?

"सेम," शोभा म्हणाली. "ही सेड, आई, आय ॲम कमिंग. देन ही वेंट." आणि तिचे डोळे भरले. माझेही भरले, खोटं कशाला सांगू.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग केटला जवळ बोलावलं आणि म्हणाले (सावकाश बोलले म्हणून मला कळलं), लग्न होऊन या घरातून निघशील तेव्हा तूही असंच म्हण. म्हणजे होकार मिळाला! न्हाणीघराबद्दल मी माफी मागायला लागलो, तर म्हणाले, असू दे, सवडीने या. मग त्यांनी आमच्यासारखे हात जोडले आणि हसत हसत म्हणाले, "ओके देन. वुई आर कमिंग." आणि फोन बंद.

आता हे ते आमच्या अर्थाने म्हणाले की त्यांच्या अर्थाने? शोभा म्हणते, आमच्या. मला खात्री नाही, आणि 'व्हेन' म्हणून विचारायची हिंमत नाही. प्रशांतला विचारावं तर तो नुसता हसतो. तेव्हा न जाणो, आलेच तर नवं हवं म्हणून सध्या मिरजोळ्यात आमचं न्हाणीघर फोडलेलं आहे, आणि मी रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून शेजाऱ्यांकडे आंघोळीला जातो. हो, 'जातो'च म्हणतो. 'येतो' म्हणायला मला आता भीती वाटते.